विस्पर बीकन सकाळी ऐकू येतो, दुपारी गायब होतो: २० मीटरच्या २०० मिलीवॉट बीकनमधला नेहमीचा बिघाड कसा शोधायचा

विस्पर (डब्ल्यूएसपीआर) म्हणजे अगदी क्षीण सिग्नलनेही छोटा संदेश दूर पोचवणारी हॅम रेडिओवाल्यांची पद्धत, आणि बीकन म्हणजे तो संदेश ठराविक वेळी आपोआप पाठवणारा छोटा ट्रान्समीटर. बीकन चालू आहे, लाल दिवा दर दहा मिनिटांनी पेटतोय, ट्रान्झिस्टरला बोट लावलं तर कोमट लागतोय. तरीही विस्परनेटवर (ऐकलेल्या सिग्नलांची यादी दाखवणारं संकेतस्थळ) सकाळी साडेदहानंतर एकही स्पॉट, म्हणजे कुणी ऐकल्याची नोंद, नाही. दिवस कलल्यावर पुन्हा चार-पाच स्पॉट येतात आणि दुसऱ्या दिवशी तीच रड. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरी बीकन बांधणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. उन्हाळ्यात तर हमखास येतो.

अशा वेळी पहिला मोह होतो पॉवर वाढवण्याचा. तो आवरा. विस्परचा संदेश गोंगाटाच्या २८ डेसिबल खाली असला तरी डिकोड होतो (वाचता येतो), आणि २०० मिलीवॉट हजारो किलोमीटर जायला पुरतात. सकाळी जो सिग्नल पोचला तो दुपारी पोचत नसेल, तर बहुधा वेळ चुकलेली असते, फ्रिक्वेन्सी सरकलेली असते किंवा सप्लाय बसलेला असतो. पॉवर वाढवली की उष्णता वाढते, आणि या तीनपैकी दोन बिघाड आणखी चिघळतात.

इथे धरलेलं सर्किट सगळे बांधतात तेच आहे. कंट्रोलर अर्डुइनो नॅनो, फ्रिक्वेन्सीसाठी २५ मेगाहर्ट्झ क्रिस्टलचं एसआय५३५१ मॉड्यूल, वेळेसाठी निओ-६एम जीपीएस. शेवटी ५ व्होल्टवर एक बीएस१७०, त्याच्या ड्रेनला एफटी३७-४३ वर १० वेढ्यांचा चोक, १०० नॅनोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर आणि पुढे लो-पास फिल्टर. अँटेना साधा डायपोल, प्रत्येक बाजू साधारण ५.०७ मीटर. तार ५.२ मीटर कापून मग छाटत यायचं.

हॅम रेडिओचा परवाना आणि स्वतःचा कॉलसाइन (स्टेशनचं ओळखचिन्ह) हातात नसेल तर सगळं काम डमी लोडवरच (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) करा, अँटेना जोडू नका. परवाना केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाचा असतो.

आधी वाट बंद आहे का ते पाहा

दुपारी स्पॉट थांबले म्हणजे बीकनच बिघडला असं नाही. विस्पर ऐकणारे रिसीव्हर युरोपात दाट आहेत, आणि २० मीटरवर (१४ मेगाहर्ट्झचा पट्टा) आपल्याकडून तिकडची वाट साधारण दुपार टळल्यावर चांगली उघडते. म्हणून विस्परनेटच्या यादीत त्याच तासात, त्याच बँडवर, दुसरे भारतीय स्टेशन कुणी ऐकलं का ते तपासा. त्यांचे स्पॉट येतायत आणि तुमचेच नाहीत, तर बीकन उघडायला घ्या. त्यांचेही नसतील तर संध्याकाळपर्यंत थांबा, स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका.

बिघाड आपलाच आहे हे ठरलं की बंद पडण्याआधीचे शेवटचे सात-आठ स्पॉट एका कागदावर उतरवून घ्या. शक्यतो एकाच रिसीव्हरने दिलेले घ्या, कारण प्रत्येक रिसीव्हरची स्वतःची चूक वेगळी असते. चार गोष्टी लिहायच्या: वेळ, फ्रिक्वेन्सी, ड्रिफ्ट (एका ट्रान्समिशनमध्ये फ्रिक्वेन्सी किती घसरली) आणि सिग्नलची पातळी. निम्मं निदान या कागदावरच होतं.

फ्रिक्वेन्सी १४.०९७१०५, मग १४.०९७१४०, मग १४.०९७१८५ अशी चढत गेली आणि मग स्पॉट थांबले, तर सिग्नल खिडकीबाहेर गेला. विस्परची खिडकी २० मीटरवर १४.०९७० ते १४.०९७२ मेगाहर्ट्झ, म्हणजे फक्त २०० हर्ट्झ रुंद आहे. फ्रिक्वेन्सी जागेवर आहे पण ड्रिफ्टच्या रकान्यात आधी शून्य, मग उणे दोन, उणे तीन, उणे चार, आणि मग काहीच नाही, तर एकाच ट्रान्समिशनच्या आत सूर घसरतोय. दोन्ही रकाने स्वच्छ आहेत, सिग्नलची पातळीही नेहमीचीच आहे आणि स्पॉट एकदम कापल्यासारखे थांबले, तर घड्याळ बघा. पातळी हळूहळू उतरत गेली असेल तर दोष फायनल (शेवटचा बीएस१७०), फिल्टर किंवा अँटेनात शोधायचा.

घड्याळ

विस्परचं ट्रान्समिशन सम मिनिट सुरू झाल्यावर एका सेकंदाने चालू होतं आणि ११०.६ सेकंद चालतं. घड्याळ दोनेक सेकंदांपेक्षा जास्त चुकलं की डिकोड होणं बंद. आपली भारतीय वेळ यूटीसीपेक्षा (जागतिक प्रमाणवेळ) साडेपाच तास पुढे आहे, आणि तीस मिनिटं हा सम आकडा असल्यामुळे आपल्याकडचं सम मिनिट तेच यूटीसीचंही सम मिनिट. त्यामुळे मोबाइलच्या घड्याळाकडे बघून दिवा सम मिनिटावर पेटतो का हे डोळ्यांनीच तपासता येतं. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि बहुतेक जण नेमकी तीच करत नाहीत.

जीपीएसला आभाळ दिसलं पाहिजे. पत्र्याखाली ते दिसत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा माळ्यावर ठेवलेला निओ-६एम कधी खिडकीतून फिक्स (उपग्रहांवरून जागा आणि वेळ ठरणं) पकडतो, कधी सोडतो. पावसाने चिंब झालेल्या कौलांखाली आणि फणसाच्या दाट झाडाखालीही सिग्नल मंदावतो. मॉड्यूलवरचा छोटा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तरच फिक्स आहे. मोकळ्यावर तो अर्ध्या-एक मिनिटात लागायला हवा. मोकळ्या आभाळाखाली पाच मिनिटांतही लागला नाही तर सिरॅमिक अँटेनाचा चिमुकला कनेक्टर नीट बसलाय का ते पाहा, तो हमखास सैल असतो.

आणखी एक फसवी गोष्ट. जीपीएसचा स्वतःचा काळ आणि यूटीसी यांत १ जानेवारी २०१७ पासून १८ सेकंदांचा फरक आहे. हा फरक उपग्रहाच्या संदेशातूनच कळतो आणि पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर मॉड्यूल स्वतःकडचा जुना आकडा वापरतं. बॅकअपची बॅटरी मेलेलं मॉड्यूल वीज गेली-आली की दरवेळी पहिली काही मिनिटं दोन-तीन सेकंद चुकीची वेळ सांगू शकतं. दिवसातून चारदा वीज जाणाऱ्या गावात एवढ्यानेच बरेच स्पॉट बुडतात. उपाय सोपा आहे: चालू झाल्यावर पहिली १५ मिनिटं ट्रान्समिट करायचंच नाही, असं प्रोग्रॅममध्ये लिहा.

जीपीएसऐवजी घड्याळाची चिप वापरली असेल तर हिशोब असा. डीएस३२३१ ची चूक २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) धरली तर दिवसाला ०.१७ सेकंद, म्हणजे सहा दिवसांत एक सेकंद. आठवड्याला एकदा वेळ मिळवली की चालतं. डीएस१३०७ साध्या क्रिस्टलवर चालते. तिथे २० पीपीएम धरले तर दिवसाला १.७ सेकंद. तिच्यावर बीकन बांधूच नका.

सगळ्यांत कमी लक्षात येणारी चूक नॅनोच्या आतच असते. मूळ नॅनोवर कंट्रोलरला क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो, आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते. ११०.६ सेकंदांत अर्धा टक्का म्हणजे ०.५५ सेकंद. विस्परचं एक चिन्ह ०.६८३ सेकंदांचं, अशी १६२ चिन्हं. म्हणजे सुरुवात बरोबर वेळेवर झाली तरी शेवटाकडची चिन्हं जवळजवळ पूर्ण एका घराने सरकतात. रेझोनेटर तापला की हा आकडा आणखी हलतो, म्हणून सकाळी डिकोड होतं आणि दुपारी होत नाही.

यासाठी नवा बोर्ड घ्यायची गरज नाही. जीपीएसची पीपीएस (दर सेकंदाला एक ठोका देणारी) तार नॅनोच्या डी२ ला द्या आणि दोन ठोक्यांमध्ये कंट्रोलर स्वतःचे किती मायक्रोसेकंद मोजतो ते बघा. १०,०३,००० आले, तर चिन्हाची लांबी ६,८२,६६७ ऐवजी ६,८४,७१५ ठेवायची. हे गणित प्रत्येक ट्रान्समिशनआधी प्रोग्रॅमलाच करायला लावा, मग उन्हाळा असो की थंडी, चिन्हांची लांबी बिनचूक राहते.

ट्रान्समिशन चालू असताना जीपीएसचा डेटा सॉफ्टवेअर सीरियलने वाचू नका. ती पद्धत प्रत्येक अक्षरामागे साधारण एक मिलिसेकंद इंटरप्ट अडवून धरते आणि कंट्रोलरचं स्वतःचं घड्याळ त्यात अडखळतं. जीपीएस डी० वर, म्हणजे हार्डवेअर सीरियलवर घ्या. मात्र प्रोग्रॅम चढवताना ती तार काढायची, नाहीतर अपलोड अडकतं आणि बोर्डच गेला असं वाटून माणूस हताश होतो.

फ्रिक्वेन्सी: खरी डोकेदुखी

फ्रिक्वेन्सी दोन प्रकारे सरकते, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिला प्रकार सावकाश. स्लॅबवर ठेवलेला डबा सकाळी पंचवीस अंशांवर असतो, एप्रिलच्या दुपारी पन्नासच्या पुढे जातो. चार-पाच तासांत क्रिस्टल काही पीपीएम सरकला, तर एका ट्रान्समिशनमध्ये ते जाणवतही नाही, पण दिवसभरात सिग्नल खिडकीच्या कडेवरून बाहेर पडतो. १४ मेगाहर्ट्झवर १ पीपीएम म्हणजे १४ हर्ट्झ. खिडकीच्या बरोबर मध्यावर, १४.०९७१ वर, बीकन लावला तर दोन्ही बाजूंना १०० हर्ट्झ, म्हणजे सात पीपीएमची जागा मिळते. कडेला गर्दी कमी असते म्हणून १४.०९७०२ वर लावला तर एका बाजूला दीड पीपीएमसुद्धा उरत नाही. साध्या क्रिस्टलच्या बीकनला मध्यभागच बरा.

मुळात मॉड्यूलवरचा क्रिस्टल बरोबर २५ मेगाहर्ट्झ नसतोच. तो मोजायला महागडा काउंटर लागत नाही, जीपीएस आहेच. एसआय५३५१ च्या क्लॉक-२ वर २.५ मेगाहर्ट्झ काढा, चार-पाच सेंटीमीटरच्या तारेने नॅनोच्या डी५ ला द्या (तिथे टायमर-१ चं मोजणीचं दार आहे) आणि पीपीएसचे ४० ठोके होईपर्यंत मोजा. क्रिस्टल अचूक असेल तर बरोबर १० कोटी आकडा येईल. एका अंकाची चूक म्हणजे ०.०१ पीपीएम, याहून बारीक मोजमाप लागतही नाही. आकडा १०,००,०१,२३४ आला तर क्रिस्टल १२.३४ पीपीएम पुढे आहे, आणि दुरुस्ती न करता बीकन लावला तर तो २० मीटरवर १७४ हर्ट्झ वर जाऊन बसेल. मध्यावर ठेवलेला सिग्नलसुद्धा मग खिडकीबाहेर जातो.

हे मोजमाप एकदाच करून आकडा प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवणं ही अर्धवट दुरुस्ती. सकाळी मोजलेला आकडा दुपारी खरा राहत नाही. दर दहा मिनिटांनी ट्रान्समिट करत असाल तर मधल्या रिकाम्या वेळेत ४० सेकंद काढणं कठीण नाही. प्रत्येक ट्रान्समिशनच्या आधी मोजा आणि नवी दुरुस्ती लावा. त्यानंतर पहिल्या प्रकारचा त्रास संपतो.

दुसरा प्रकार झटपट, आणि खरा त्रास त्याचा. ११०.६ सेकंदांच्या आत सिग्नल चार हर्ट्झपेक्षा जास्त घसरला की डिकोडर हात टेकतो. १४.०९७ मेगाहर्ट्झवर चार हर्ट्झ म्हणजे फक्त ०.२८ पीपीएम. एवढं सरकायला क्रिस्टलचं तापमान फार बदलावं लागत नाही. दर ट्रान्समिशनला मोजणी करूनही हा दोष जात नाही, कारण घसरण सुरू होते ती ट्रान्समिशन सुरू झाल्यावर.

हा दोष डोळ्यांनी बघायची पद्धत आहे आणि ती प्रत्येकाने एकदा तरी करावी. अँटेना काढा, डमी लोड लावा. १०० ओहमचे दोन अर्धा वॉट मेटल फिल्म रेझिस्टर समांतर (पॅरलल) जोडले की ५० ओहमचा लोड तयार. पलीकडच्या खोलीत रिसीव्हर १४.०९५६ वर, यूएसबी (अपर साइडबँड) मोडमध्ये लावा आणि वॉटरफॉल (फ्रिक्वेन्सीचं सरकतं चित्र) सगळ्यांत बारीक करा. निरोगी बीकनची रेघ सहा हर्ट्झ रुंदीची, सरळ, खालपर्यंत एकसारखी उतरते. ट्रान्समिशन सुरू होताना रेघ वाकडी निघून हळूहळू सरळ होत असेल, विळ्याच्या पात्यासारखी, तर क्रिस्टल तापतोय. पूर्ण रेघ एकाच तिरक्या कलाने जात असेल तर डबा बाहेरून तापतोय किंवा वारा लागतोय. मध्येच पायरी पडली असेल, म्हणजे रेघ तुटून शेजारी सुरू झाली असेल, तर सप्लाय बसला. मुख्य रेघेच्या दोन्ही बाजूंना १०० हर्ट्झवर फिकट सावल्या दिसत असतील, तर अडॅप्टरचा रिपल (मेन्सची गुणगुण) सिग्नलवर बसलाय.

विळ्याच्या पात्याची रेघ दिसली तर उष्णता येते कुठून ते पाहा. ती तीन ठिकाणांहून येते.

एक, बीएस१७०. तो मॉड्यूलपासून किमान पाच-सहा सेंटीमीटर लांब हवा, मधे पत्र्याचा पडदा असेल तर उत्तम.

दोन, ७८०५. याचा हिशोब सहसा कुणी मांडत नाही. पूर्ण बीकन ट्रान्समिट करताना साधारण १८० मिलीअँपिअर ओढतो. १२.६ व्होल्टच्या बॅटरीवरून ५ व्होल्ट करताना ७८०५ मध्ये जवळजवळ १.४ वॉट नुसती उष्णता होते. अँटेनात जाते त्याच्या सातपट उष्णता बंद डब्यात, क्रिस्टलच्या शेजारी. ७८०५ डब्याच्या बाहेर, पत्र्याला स्क्रूने कसून लावा. किंवा आधी छोट्या बक कन्व्हर्टरने ७.५ व्होल्ट करा आणि मग ७८०५ ला द्या, उष्णता अर्ध्या वॉटच्या खाली येते. साडेसातच्या खाली मात्र उतरू नका. ७८०५ ला आत-बाहेर दोन व्होल्टचा फरक लागतो.

तीन, एसआय५३५१ चिप स्वतः. आउटपुट चालू झालं की ती तापते, बंद झालं की गार होते, आणि क्रिस्टल तिच्या अगदी अंगाशी असतो. यावर सोपी युक्ती: क्लॉक-० (बीएस१७० ला सिग्नल देणारं आउटपुट) बंद असताना क्लॉक-१ चालू ठेवायचा, त्याला काहीही न जोडता. चिपचं काम सारखं राहतं, तापमानही सारखं राहतं. ट्रान्समिट सुरू होताना क्लॉक-१ बंद, क्लॉक-० चालू. मॉड्यूलवर थर्मोकोलची टोपी बसवा, आत हवेची हालचाल राहता कामा नये. थर्मोकोल उष्णता अडवत नाही, ती सावकाश येऊ देतो, आणि आपल्याला दोन मिनिटांपुरतं स्थैर्यच हवं असतं. पंख्याखाली टेबलावर उघडा ठेवलेला बीकन तपासून तो खराब आहे असं ठरवू नका.

एवढं करूनही २० मीटरवर घसरण राहिली, तर टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारा ऑसिलेटर) बसवा. जुना क्रिस्टल काढून २५ मेगाहर्ट्झचा टीसीएक्सओ एसआय५३५१ च्या एक्सए पायाला ०.१ मायक्रोफॅरडमधून द्यायचा, एक्सबी मोकळा सोडायचा. सिग्नल १ व्होल्ट पीक-टू-पीकच्या आसपास ठेवा, ३.३ व्होल्टचा चौकोनी सिग्नल सरळ देऊ नका. १० मीटरवर (२८.१२६१ मेगाहर्ट्झ) चार हर्ट्झची मर्यादा ०.१४ पीपीएमवर येते, तिथे टीसीएक्सओशिवाय भागत नाही. ४० मीटरवर साधा क्रिस्टलही व्यवस्थित चालतो, म्हणून नवशिक्याने ७.०४०१ पासून सुरुवात केली तर निराशा कमी वाट्याला येते.

सप्लाय

बेळगावच्या विणकरांच्या मागांच्या गल्ल्यांत, मग ते वडगाव असो की खासबाग, दिवसा व्होल्टेज सारखं हलतं. शेताकडच्या घरांत थ्री फेज आली आणि पंप सुरू झाले की दिवे मंदावतात. मोबाइलच्या चार्जरवर चालणारा बीकन अशा वेळी ट्रान्समिशनच्या मधेच पायरी घेतो. मीटर ५ व्होल्टच्या रेघेवर लावून, ट्रान्समिट चालू होताना काटा किती पडतो ते बघा. ०.१ व्होल्टच्या वर पडता कामा नये. पडत असेल तर पहिला संशय बारीक यूएसबी केबलवर घ्या, चार्जरवर नंतर.

१२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी हा पक्का इलाज. दहा मिनिटांतून एकदा ट्रान्समिट करणारा बीकन तिच्यावर रात्रभर आरामात चालतो. बीएस१७० ला आणि मॉड्यूलला वेगवेगळे ७८०५ दिले तर पायरीचा प्रश्नच उरत नाही. एकच असेल तर ड्रेन चोकच्या वरच्या टोकाला १०० मायक्रोफॅरड आणि शेजारी ०.१ मायक्रोफॅरड लावा.

वळीव झाला की बीएस१७० मरतो

दरवर्षी एप्रिल-मे मध्ये हीच तक्रार. वीज घरावर पडावी लागत नाही. ढग डोक्यावर असले की तारेवर स्थिर विद्युत साठते, आणि बीएस१७० चा ड्रेन ६० व्होल्टपर्यंतच टिकतो. अँटेनाच्या सॉकेटवर, मध्य आणि जमीन यांच्यामध्ये, १०० किलोओहमचा रेझिस्टर कायमचा लावून टाका, म्हणजे चार्ज साठतच नाही. हा उपाय साठणाऱ्या विजेपुरता आहे. गडगडाट ऐकू आला की केबल काढून घराबाहेर टाकायची, त्याला पर्याय नाही.

मेलेला बीएस१७० ओळखायला त्याला सर्किटमधून काढा, गेट सोर्सला टेकवून ड्रेन-सोर्समध्ये ओहम बघा. दोन्ही दिशांना काही ओहम दाखवले तर तो गेला. बीएस१७० हाताशी नाही म्हणून २एन७००० बसवताना जपा: सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीएस१७० चे पाय डावीकडून ड्रेन, गेट, सोर्स असे आहेत, २एन७००० चे सोर्स, गेट, ड्रेन. तसाच बसवला तर आतला डायोड ५ व्होल्टला जमिनीशी जोडतो आणि ७८०५ काही सेकंदांत भाजतो. तो उलटा फिरवून बसवायचा.

वळवाचा संबंध नसताना बीएस१७० वारंवार जात असेल तर बायस (गेटवरचं स्थिर व्होल्टेज) बघा. डमी लोड लावून, क्लॉक-० बंद ठेवून, बायसचा १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवायचा रेझिस्टर) हळूहळू वाढवा. ड्रेनचा करंट ५ मिलीअँपिअर झाला की थांबा आणि तो शून्यावर येईपर्यंत मागे फिरवा. क्लॉक आणि गेट यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरड असलाच पाहिजे. तो वगळला असेल, तर क्लॉक बंद होताना वरच्या पातळीवर थांबला की ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा राहतो, आणि पुढच्या ट्रान्समिशनपर्यंत तो जळालेला असतो. ट्रान्समिट चालू असताना ड्रेनचा करंट ६० ते ८० मिलीअँपिअर ठीक.

पातळी उतरत गेली तर

डमी लोडवर १एन४१४८ आणि ०.०१ मायक्रोफॅरड लावून डीसी व्होल्टेज मोजा. २०० मिलीवॉटला ३.८ ते ४ व्होल्ट यायला हवेत. इथे आकडा बरोबर असेल तर बीकन निर्दोष, दोष अँटेनाकडे.

आकडा कमी असेल तर फिल्टर तपासा. २० मीटरला क्रम असा: १८० पिकोफॅरड, टी३७-६ वर १६ वेढे, ३९० पिकोफॅरड, १७ वेढे, ३९०, १६ वेढे, १८०. वेढे मोजताना टोरॉइडच्या भोकातून तार किती वेळा गेली तेच मोजायचं. बाहेरून मोजलं की एकाचा घोळ होतो. कपॅसिटर एनपी० जातीचेच हवेत, साधे सिरॅमिक तापले की मूल्य बदलतात. टी३७-६ पिवळा असतो, लाल रंगाचा टी३७-२ वेगळ्या मूल्याचा, वेढे तेवढेच ठेवून चालत नाही. तार गावातल्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात मिळते, २७ किंवा २८ गेजची इनॅमल तार मागा. सोल्डरिंगआधी टोकाचं इनॅमल ब्लेडने खरवडून तांबं लखलखीत दिसेपर्यंत साफ करा. वरून छान दिसणारा डाग आणि आत इनॅमल तसंच, हा ड्राय सोल्डर दमट हवेत महिन्याभराने तोंड उघडतो.

अँटेनाकडचा दोष मिरगापासून सुरू होतो. कणकुंबी, जांबोटीकडचा पाऊस अथणी-रायबागेत पडत नाही, म्हणून घाटाकडच्या लोकांनी हा भाग जास्त मनावर घ्यावा. आरजी-५८ चं टोक डायपोलच्या मध्यावर उघडं राहिलं की जाळीच्या तारेतून पाणी केशिकेसारखं आत झिरपतं, मीटर-दोन मीटरपर्यंत. केबल दोन्ही टोकांनी सोडवून मध्य आणि जाळी यांच्यात ओहम बघा. काहीही आकडा दिसला तर आत पाणी आहे. टोक थोडं सोलून जाळी काळी पडलेली दिसली तर तांबडं तांबं येईपर्यंत केबल मागे कापा, वाळवून उपयोग होत नाही. नव्या टोकावर रबर टेप, त्यावर एम-सील, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली लोंबता फास ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, पीएल-२५९ कनेक्टरमध्ये जात नाही. डायपोलची टोकं ओल्या पानांना टेकत असतील तर नायलॉनची दोरी लांब करा.

एकदाही डिकोड झालाच नाही तर

हा वेगळा आजार आहे, पण विचारणा फार होते. विस्परच्या चार सुरांमधलं अंतर १.४६४८ हर्ट्झ आहे. प्रोग्रॅम फ्रिक्वेन्सी पूर्ण हर्ट्झमध्ये धरत असेल तर हे अंतर एक हर्ट्झ होतं आणि काहीच डिकोड होत नाही. एसआय५३५१ च्या लायब्ररीत हर्ट्झच्या शंभराव्या भागात आकडा द्यायचा असतो: १४०९७१००००. कॉलसाइनचं तिसरं अक्षर अंक असावं लागतं, आपल्या व्हीयू२, व्हीयू३ कॉलसाइनना ते आपोआप जमतं. पुढे तिरकी रेघ देऊन काही जोडलं तर संदेशाचा प्रकारच बदलतो, सुरुवातीला ते टाळा. पॉवर २३ डीबीएम लिहा, म्हणजे २०० मिलीवॉट.

लोकेटरचं (स्टेशनची जागा सांगणारा चौकटीचा कोड) एक आपल्याच भागातलं वळण आहे. बेळगाव, खानापूर, बैलहोंगल हे एमके७५ मध्ये येतात. १६ अंश अक्षांशाची रेषा बेळगावच्या थोडी उत्तरेला आहे, त्यामुळे संकेश्वर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी, गोकाक आणि अथणी एमके७६ मध्ये. दुसऱ्याचा प्रोग्रॅम जसाच्या तसा चढवला की निपाणीचा बीकन नकाशावर बेळगावच्या घरात दिसतो आणि सगळी अंतरं चुकतात.

दुरुस्ती झाल्यावर चाचणी संध्याकाळच्या गारव्यात घेऊ नका, त्या वेळी तो आधीही चालतच होता. डबा जिथे कायमचा ठेवायचा तिथेच ठेवा, झाकण लावा, आणि दुपारी एक ते चार या वेळात डमी लोडवर पलीकडच्या खोलीतल्या रिसीव्हरने सलग अठरा ट्रान्समिशन नोंदवा. अठराच्या अठरा डिकोड झाली आणि ड्रिफ्टचा रकाना शून्य ते एकच्या बाहेर गेला नाही, की मग अँटेनाची केबल जोडा.